सकाळी सुरू न होणारी पिकअप: कामाच्या नोंदी

७ डिसेंबर, २,१४,३६२ किमी

वही आजपासून. गाडीचं वय सतरा. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, यांत्रिक पंप, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि स्प्रिंगचे पाटे. इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं तिच्यात फारसं काही नाही, म्हणूनच हात घालायची हिंमत होते.

तक्रारी: सकाळी पहिल्यांदा सुरू होताना भरपूर सेल्फ खाते. ब्रेकचं पेडल खोल जातं, लागोपाठ दोनदा दाबलं की वर येतं. हौदा रिकामा असताना ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर मागचं उजवं चाक घसटत जातं. गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्' आवाज. डिझेलचा काटा त्याच्या मर्जीने उभा राहतो.

आज सकाळी हीटरचा (थंड इंजिन पेटावं म्हणून आधी तापणाऱ्या प्लगांचा) दिवा विझू दिला, मग सेल्फ. सहा-सहा सेकंदांचे तीन, मध्ये मिनिटभर विश्रांती. तिसऱ्याला धरली. दहा सेकंद लंगडत चालली, मग सरळ. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर नाही. त्यानंतर दिवसभर किल्ली लावायचा अवकाश, लगेच सुरू.

८ डिसेंबर

सगळे म्हणतात बॅटरी, म्हणून आधी बॅटरी. रात्रभर उभी असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे डायनॅमोही ठीक.

मग मीटरची एक दांडी बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरली आणि सेल्फ मारायला लावला. ०.९ व्होल्ट. एका जाड वायरच्या दोन टोकांत इतका फरक पडायला नको; ०.२ च्या आसपास असता तर काही म्हटलं नसतं. अर्थची पट्टी सोडवली. खाली रंगाचा थर, त्याखाली गंज. कुणीतरी इंजिन उतरवून पट्टीच्या जागेसकट रंगवून काढलं होतं. तारेच्या ब्रशने लोखंड चकचकीत केलं, नवा वायसर घातला, घट्ट केलं आणि वरून ग्रीस. आता ०.१५. सेल्फ कानाला कळेल इतका जोरात फिरतो.

९ डिसेंबर

सेल्फ जोरात फिरतो आणि गाडी तेवढाच वेळ घेते. १७ सेकंद.

१४ डिसेंबर, २,१४,४३५ किमी

हीटर प्लग. वरची जोडपट्टी काढून चारही वेगवेगळे मोजले: ०.९, ०.८, १.० ओहम, आणि तिसऱ्याला मीटर ढिम्म, म्हणजे आतली तार तुटलेली. आरोपी सापडल्याचा आनंद मला जरा जास्तच झाला.

प्लग काढायची घाई करू नये, हे आधी वाचलं होतं. सतरा वर्षं हेडमध्ये बसलेला प्लग मोडला तर त्याचं टोक काढायला हेड उतरवायची वेळ येऊ शकते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल घातलं, सकाळी फिरून इंजिन गरम केलं, आणि लहान पान्याने थोडं पुढे, थोडं मागे करत काढत गेलो. एक, तीन आणि चार निघाले. दोन नंबरने करकर केली, आणि त्या आवाजात मला पुढचा आठवडा दिसला. तो मोजणीत बरा आहे, तिथेच राहू दे. तीन नवे बसवले, आट्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावलं, घट्ट करताना जोर लावला नाही.

संध्याकाळी टाकी फुल केली. अंगणात दुसरी गाडी होती म्हणून पिकअप उतारावर, नाक खाली करून लावली.

१५ डिसेंबर

दोन सेकंदांत सुरू! घरात जाऊन सगळ्यांना सांगितलं. प्रश्न मिटला.

१९ डिसेंबर

प्रश्न मिटलेला नाही. १६ सेकंद. सोळा, सतरा, अठरा तारखेलाही थोडंफार तेवढंच. घरात कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

२१ डिसेंबर, २,१४,५९० किमी

सुरू होण्याचा विषय बाजूला. आज फक्त गाडीखाली.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. मागचा भाग उचलायचा असेल तर हँडब्रेकच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, कारण तो मागच्याच चाकांना लागतो आणि तीच हवेत असतात. चेसिसखाली दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी बोटही घालत नाही. जॅकचं एक ऑइल सील आणि वरचं दीड टन, यात माझी जागा नाही.

चेसिसला चिखलाचा थर असा की त्यात काही पेरलं असतं तर उगवलं असतं. खरवडून काढला, मग लहान हातोडीने टकटक करत पुढून मागे गेलो. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा भद्द. भद्द आवाज एकाच जागी आला, हौद्याच्या मागच्या आडव्या पट्टीला. ती भार पेलणारी नाही, पण वेल्डिंगच्या यादीत गेली. चेसिसच्या खालच्या भोकांत माती गच्च बसली होती. ती भोकं पाणी निथळायला असतात. बुजली की चेसिस आतून नळासारखी पाणी धरून बसते आणि बाहेरून छान दिसत आतून सडते. स्क्रू ड्रायव्हरने एकेक मोकळं केलं. एका भोकातून ओंजळभर ओली माती आली. कुठून आणली असेल ती गाडीलाच माहीत.

वरवरचा गंज ब्रशने घासला, फॉस्फोरिक आम्लाचं गंज बदलणारं औषध लावलं, उद्या प्रायमर.

बारीकसारीक: डाव्या बाजूने डिझेलचा नळ जातो, त्याच्या तिसऱ्या क्लिपपाशी चिखल काळपट आणि ओलसर होता, बाकीचा सुका. बहुतेक प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सची गती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचं) ग्रीस उडालं असावं. पुसून घेतलं.

२८ डिसेंबर, २,१४,६६० किमी

ब्रेक. आधी मागचं डावं.

ड्रम निघेना. हातोडी उचलायच्या आधी आठवलं की ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात, ती शोभेची नाहीत. बॅकप्लेटच्या खिडकीतून अ‍ॅडजस्टरची दातेरी चकती फिरवून लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) आत घेतले, दोन्ही भोकांत योग्य बोल्ट घातले आणि आळीपाळीने अर्धी-अर्धी फेरी आवळत गेलो. कुईं करून ड्रम स्वतःच बाहेर आला.

आतली धूळ फुंकायची नाही, हवेचा पाइप तर मुळीच मारायचा नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने टिपली. व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या भागाचं) रबरी टोपण बोटाने उचललं तर ब्रेक ऑइल ओघळलं. लायनर त्यात भिजलेला. डावीकडचा ब्रेक नावालाच होता, म्हणून सगळा भार उजव्या चाकावर आणि तेच घसटायचं, असा हिशेब मांडला. (अर्धाच बरोबर निघाला. खाली बघा.)

भिजलेला लायनर धुऊन, तापवून पुन्हा बसवणारे आहेत. मी नाही. दोन्ही बाजूंचे लायनर नवे, दोन्ही व्हील सिलिंडर नवे. स्प्रिंगा कुठली कुठे हे लक्षात राहील असं प्रत्येकाला वाटतं. मी एका वेळी एकच बाजू उघडतो. अडलं की पलीकडे जाऊन बघायचं.

ब्रेकच्या नळाचा नट गोल व्हायला टपलेला होता. उघड्या तोंडाचा पाना लावलाच नाही. नळ आत सरकेल इतकी फट असलेला रिंग पाना लावला, तेव्हा सुटला.

संध्याकाळी उजवी बाजू. उतरताना मागच्या अ‍ॅक्सलवर हात टेकला आणि हाताला तार लागली.

२९ डिसेंबर

ती तार म्हणजे या गाडीतला आतापर्यंतचा सर्वांत डोकेबाज मूर्खपणा.

मालवाहू पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी वजन ओळखणारा वॉल्व असतो. तो चेसिसवर बसतो आणि एका दांडीने किंवा स्प्रिंगने मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. माल भरला की हौदा खाली बसतो, दांडी वर ढकलली जाते आणि वॉल्व मागच्या ब्रेकला पूर्ण दाब जाऊ देतो. हौदा रिकामा असला की शेपूट हलकं, चाकं लगेच लॉक होतील, म्हणून वॉल्व दाब कमी करतो. साधी आणि सुंदर कल्पना.

कुणा पूर्वजाने या वॉल्वची तुटलेली स्प्रिंग काढून टाकली होती आणि दांडी तारेने वर बांधली होती. म्हणजे वॉल्वच्या मते हौदा कायम गच्च भरलेला. ओल्या रस्त्यावरचं घसटणं यामुळेच. भिजलेल्या डाव्या लायनरमुळे घसटायची पाळी फक्त उजव्या चाकावर आली होती. दोन्ही लायनर नवे घालून ही तार तशीच ठेवली असती, तर रिकामी गाडी दोन्ही मागच्या चाकांवर घसरली असती, म्हणजे दुरुस्तीने ती आधीपेक्षा धोकादायक झाली असती. हे लक्षात आल्यावर थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

तार कापली. नवी स्प्रिंग येईपर्यंत गाडी हलणार नाही.

४ जानेवारी

स्प्रिंग बसवली, पुस्तकात दिलेल्या लांबीवर दांडी लावली. आता ब्रेकच्या नळांतली हवा काढणं. पुतण्या केबिनमध्ये, मी खाली.

'दाब.'
'दाबलंय, काका.'
'धरून ठेव.' निपल (चाकापाशी हवा सोडायचा स्क्रू) पाव फेरी सोडायचा, ऑइल नळीतून बाटलीत, निपल बंद. 'सोड.'

मास्टर सिलिंडरपासून (पेडलजवळ ऑइलला दाब देणाऱ्या भागापासून) सगळ्यात लांबचं चाक आधी. मागच्या डाव्यातून ऑइल थेंब थेंब येई, कधी येतच नसे. तासभर हेच. मध्ये एकदा मी निपल बंद करायच्या आत पेडल सुटलं आणि बाटलीतली नळी वर आली असल्याने हवा उलटी आत गेली.

'तू सोडलंस?'
'तुम्ही सोड म्हणालात.'
'मी "सोडतो" म्हणालो!'

म्हणून नवा करार: खालून फक्त 'एक' आणि 'दोन'.

पेडल तरीही स्पंजासारखं. मास्टर सिलिंडरवर संशय घेऊन चहाची वेळ टळून गेली, आणि मग वॉल्वची दांडी डोळ्यांसमोर दिसली. घोड्या चेसिसखाली आहेत, अ‍ॅक्सल लोंबतोय. वॉल्वच्या दृष्टीने ही गाडी रिकाम्याहूनही रिकामी आहे, तो मागची वाट आवळून बसलाय. परवापर्यंत तार होती तेव्हा हा प्रश्नच आला नसता.

घोड्या काढून अ‍ॅक्सलखाली लावल्या, गाडीचं वजन पाट्यांवर आलं. 'एक.' नळीतून हवेचे बुडबुडे आणि ऑइल भसाभस. अर्ध्या तासात चारही चाकं झाली. पेडल वर, आणि टणक.

जुनं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. हे द्रव हवेतली ओल शोषतं. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. साडेतीन-चार टक्के पाणी मिसळलं की ती मर्यादा १४० वर येते. लांब घाटात ब्रेक तापले आणि ते उकळलं की नळांत वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल पायाखालून निघून जातं. सगळं ऑइल बदललं. रंगावर सांडलं तिथे लगेच पाणी ओतलं, नाहीतर रंग सोलतो.

११ जानेवारी, २,१४,७९० किमी

पुन्हा सकाळचा सेल्फ. आज वही पहिल्या पानापासून वाचली.

७ डिसेंबरला मीच लिहिलंय: 'सायलेन्सरमधून धूर नाही.' हीटर प्लग गेले असते तर डिझेल सिलिंडरमध्ये पडलं असतं, नीट पेटलं नसतं आणि सेल्फ मारताना मागून पांढरा धूर आला असता. धूर नाही याचा अर्थ डिझेल पोचतच नाही. पाच आठवडे हे वाक्य माझ्याच अक्षरात समोर होतं.

आणि १५ डिसेंबर, दोन सेकंदांत सुरू झाली तो दिवस. आदल्या रात्री टाकी फुल, नाक उताराला. म्हणजे टाकी इंजिनपेक्षा वर. डिझेल रात्रभर पंपापाशीच राहिलं. एरवी ते टाकीकडे परत ओघळतं, आणि सकाळी पंपाला आधी नळातली हवा ओढावी लागते. डिझेल परत जायचं तर मागून हवा शिरायला हवी. कुठून?

या इंजिनात टाकीजवळ ढकलणारा पंप नाही. मुख्य पंपाच्या पोटातली पात्यांची यंत्रणाच टाकीतून डिझेल ओढते. त्यामुळे सगळा नळ ओढीखाली असतो. छिद्र असलं तर डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते, आणि जमिनीवर डाग शोधणारा शोधतच राहतो.

फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली. हातपंपाने हवा काढली, इंजिन सुरू केलं. पहिली पाच मिनिटं बुडबुडे येणारच, तेवढं थांबलो. त्यानंतरही दर दोन-तीन सेकंदांनी एक लांबट बुडबुडा, रेस केली की रांग.

१२ जानेवारी

फिल्टरवरच्या हातपंपाची रबरं अशीच हवा घेतात, हे सगळ्यांना माहीत. नवा हातपंप बसवला. बुडबुडे आहेत तसेच. जुना पुसून डब्यात ठेवला; तो निर्दोष होता.

१८ जानेवारी

अंदाजाने सुटे भाग बदलणं बंद. अर्धं-अर्धं वेगळं करायचं.

काल संध्याकाळी दोन लिटर स्वच्छ डिझेलचा डबा बॅटरीशेजारी, पंपापेक्षा वर बांधला आणि त्याची नळी फिल्टरच्या आतल्या तोंडाला दिली. टाकीकडून येणारा नळ बंद. सकाळी किल्ली फिरवली आणि पुरता सेल्फ मारायच्या आत इंजिन सुरू. नळीत एकही बुडबुडा नाही. फिल्टर, पंप, हातपंप सुटले. दोष टाकी ते फिल्टर या नळात.

नळ टाकीकडून सोडवला, ते टोक बुजवलं (टाकीत हवा भरायची नाही). फिल्टरकडच्या टोकाला सायकलचा पंप जोडून हलका दाब दिला आणि बाटलीतलं साबणाचं पाणी नळावर फवारत मागे सरकलो. पहिला क्लिप, दुसरा क्लिप. तिसऱ्या क्लिपखालून फेस.

तिसरा क्लिप. २१ डिसेंबरला जिथला काळपट ओला चिखल मी 'बहुतेक ग्रीस' म्हणून पुसला, तो. टाकी भरलेली असली की तिथून थोडं डिझेल बाहेर झिरपत असणार, उतरली की हवा आत. क्लिपचं रबर गेलेलं, पत्रा आणि नळ यांच्यात चिखल अडकून कायम ओल, आणि सुई जाणार नाही इतकं छिद्र.

१९ जानेवारी

ग्राइंडर नाही. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण ठिणगी ती ठिणगी, आणि शिवाय लोखंडाचा चुरा नळात जातो. नळ कापायच्या गोल कटरने सडका चार बोटं तुकडा काढला. दोन्ही टोकांना हत्याराने बारीक कडं उठवलं, नळी निसटू नये म्हणून. डिझेलची जाड नळी, टोकाला दोन-दोन क्लिपा. नळीवर 'इंधनासाठी' छापलेलं असल्याची खात्री केली. पाण्याची नळी डिझेलमध्ये फुगते, मऊ होते. बाकीच्या क्लिपा सोडवून रबरं बदलली, नळ घासून रंगवला.

२० जानेवारी

एक सेकंद. नाक चढाला, टाकी पाव.

२१ जानेवारी

एक सेकंद.

२५ जानेवारी, २,१४,९३० किमी

'टक्' आवाज. प्रोपेलर शाफ्टचा मागचा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा सांधा), बेअरिंगच्या एका वाटीतल्या सुया गंजून भुकटी झालेल्या. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही जोडांवर छिन्नीने खुणा केल्या. तो आहे तसाच परत बसायला हवा, नाहीतर नवा क्रॉस घालून थरथर पदरात. वाइसमध्ये दाबून जुना काढला, नवा घातला. एक सुई आडवी पडली होती, वाटी दोन मिलिमीटर वरच राहिली, पुन्हा काढून पुन्हा बसवली. दुपार गेली. आवाज गेला.

डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचं) ऑइलही बदललं. आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघितलं, मगच खालचा सोडला. उलट केलं आणि वरचा अडकला, तर ऑइलविना गाडी तिथेच.

३ फेब्रुवारी, २,१५,०४८ किमी

नऊ दिवस बाहेरगावी होतो. गाडी अंगणात चढाला नाक करून. पुतण्या किल्ली घेऊन बसला, मी मागे सायलेन्सरपाशी उभा राहिलो, धूर बघायला. हीटरचा दिवा विझला. एका सेल्फमध्ये सुरू. पहिल्या फटक्याला पांढरट धूर आला, म्हणजे डिझेल जागेवर होतं.

ब्रेक ऑइलची पातळी जिथे खूण केली तिथेच.

राहिलेलं: मागच्या आडव्या पट्टीचं वेल्डिंग. दोन नंबरचा हीटर प्लग, त्याच्याशी माझा तह आहे. डिझेलचा काटा आज 'पूर्ण'वर होता आणि वळणावर 'रिकामी'वर आला. टाकी उतरत आली की सेंडर (टाकीतली पातळी काट्याला कळवणारा भाग) काढायचा, तोवर ३५० किलोमीटर झाले की डिझेल भरायचं.